समूहाचे बळ आणि मालकीचा प्रश्न

३१ जुलै २०२४ रोजी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने एक छोटेसे निवेदन काढले. सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या संगणक-यंत्रणेवर खंडणीखोरांचा हल्ला झाल्याची शक्यता असून, संसर्ग इतरत्र पसरू नये म्हणून या कंपनीला किरकोळ देयक-व्यवहारांच्या जाळ्यापासून तात्पुरते वेगळे करण्यात आले आहे, असा त्याचा आशय होता. भारतीय स्टेट बँक आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांनी मिळून काढलेली ही कंपनी प्रामुख्याने सहकारी व प्रादेशिक ग्रामीण बँकांना तांत्रिक सेवा पुरवते. परिणामी देशभरातील सुमारे तीनशे लहान बँकांचे ग्राहक देयकांच्या जाळ्याबाहेर पडले. दुसऱ्या दिवशी, तपासणीनंतर, जोडणी पूर्ववत झाली आणि वर्तमानपत्रांच्या दृष्टीने विषय संपला.

देशाच्या एकूण देयक-व्यवहारांत या बँकांचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे, असे त्या वेळी सांगण्यात आले. राष्ट्रीय सरासरीच्या हिशेबात ही नगण्य बाब ठरते. परंतु ज्या शेतकऱ्याचे, प्राथमिक शिक्षकाचे किंवा किराणा दुकानदाराचे एकुलते एक खाते अशाच बँकेत आहे, त्याच्या दृष्टीने तो अर्धा टक्का नसून शंभर टक्के असतो. सरासरीचे अर्थशास्त्र गरिबाचे नुकसान कसे झाकून टाकते, याचे हे एक ताजे उदाहरण आहे.

विचार करण्याजोगी गोष्ट ही, की त्या दिवशी तीनशे ठिकाणी तीनशे बिघाड झालेले नव्हते. संशय एकाच ठिकाणी होता. पण तीनशे बँकांचा बाहेरच्या जगाशी होणारा व्यवहार त्या एकाच दारातून जात होता. या घटनेवरून काहीजण असा निष्कर्ष काढतील, की लहान बँकांना संगणकयुग झेपत नाही, सबब त्यांनी मोठ्या बँकांत विलीन व्हावे. दुसरे काही म्हणतील, की प्रत्येक बँकेने पूर्वीप्रमाणे आपल्या मागच्या खोलीत स्वतःचा सर्व्हर ठेवावा आणि आपला कारभार आपण पाहावा. हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. तिसरा मार्ग संगणकशास्त्रानेच दाखवून ठेवला आहे. तो म्हणजे सर्व्हरांच्या समूहाचा, ज्याला तंत्रज्ञ क्लस्टर म्हणतात. मात्र या तंत्राचा खरा अर्थ त्याच्या जाहिरातीत सापडत नाही. तो समजून घ्यावा लागतो.

एखादी बँक, कारखाना किंवा दूध संघ पूर्वी संगणकीकरण करी, ते तुकड्या-तुकड्यांनी. पगारपत्रकासाठी एक सर्व्हर, खतावणीसाठी दुसरा, भांडारासाठी तिसरा, पत्रव्यवहारासाठी चौथा. यांतील बहुतेक यंत्रे दिवसाचा मोठा भाग जवळजवळ रिकामी बसून असत, तरीही प्रत्येकाची वीज, जागा आणि देखभाल स्वतंत्र द्यावी लागे. शिवाय प्रत्येक यंत्र एकाकी असे. खतावणीच्या यंत्राची चकती बिघडली की शेजारी रिकाम्या बसलेल्या यंत्राचा काडीचाही उपयोग होत नसे. सारा विभाग दुरुस्तीवाल्याची वाट पाहत बसे. भरपूर साधनसामग्री आणि तरीही टंचाई, ही नियोजनशून्य व्यवस्थेची ओळखीची लक्षणे येथेही दिसत.

समूहाच्या रचनेत ही सर्व कामे थोड्याच, पण परस्परांशी जोडलेल्या यंत्रांवर एकत्र आणली जातात. सॉफ्टवेअरच्या साहाय्याने एका यंत्रात अनेक आभासी सर्व्हर चालवले जातात. समूहातील यंत्रे ठरावीक क्षणांनी एकमेकांना आपण सुस्थितीत असल्याचा संकेत पाठवत राहतात; त्याला हृदयाचा ठोका असेच नाव आहे. एखाद्याचा ठोका थांबला, की त्याचे काम उरलेल्यांपैकी कोणीतरी काही क्षणांत किंवा मिनिटांत उचलते. माहितीचा साठा सर्वांना सामाईक असतो किंवा एकाहून अधिक ठिकाणी जशाच्या तसा ठेवलेला असतो. त्यामुळे दुरुस्तीसाठी एक यंत्र बाजूला काढले तरी काउंटरवर उभ्या असलेल्या ग्राहकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

या रचनेतील सर्वांत उद्बोधक भाग म्हणजे बहुमताचा नियम. दोन यंत्रांमधील जोडणी तुटली तर प्रत्येकाला वाटते, की दुसरे मेले आणि आता सर्व कारभार आपलाच. दोघेही एकाच खतावणीत स्वतंत्रपणे नोंदी करू लागतात आणि हिशेबाचा चुथडा होतो. म्हणून समूहात मतांची संख्या विषम ठेवतात. तीन मतांपैकी ज्याच्या बाजूला दोन आहेत त्याने काम चालू ठेवायचे आणि अल्पमतातील यंत्राने स्वतःहून थांबायचे. अधिकार बहुमतातून यावा आणि अल्पमताला हुकूमशाही करता येऊ नये, हे तत्त्व यंत्रांच्या जगातही सोय म्हणून नव्हे, तर गरज म्हणून स्वीकारावे लागले आहे.

या तंत्राचा इतिहासही बोलका आहे. एकाच अवाढव्य संगणकावर सर्व भिस्त ठेवण्याच्या काळात, १९७६ मध्ये टँडम या अमेरिकन कंपनीने परस्परांचे काम उचलणाऱ्या प्रक्रियकांचा संगणक बाजारात आणला. बँकांनी आणि शेअरबाजारांनी तो उचलला. १९८३ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने व्हॅक्स संगणकांचे समूह बांधण्याची पद्धत आणली. परंतु खरी उलथापालथ १९९४ मध्ये झाली. अमेरिकेच्या नासा या अंतराळ संस्थेत थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात सहज मिळणारे सोळा साधे संगणक जोडून, लिनक्स या मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारा बेवुल्फ नावाचा समूह उभा केला. जे काम कोट्यवधींच्या महासंगणकाकडून करून घ्यावे लागे, त्यातले बरेचसे काम सामान्य यंत्रे संघटित झाली तर करू शकतात, हे त्यातून सिद्ध झाले. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवरच चालत आला आहे.

भारतालाही या मार्गाचा स्वतःचा अनुभव आहे. अमेरिकेने शक्तिशाली क्रे महासंगणक देण्याचे नाकारले, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सार्वजनिक संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये परम ८००० तयार केला. एक प्रचंड प्रक्रियक बनवण्याचा हव्यास न धरता चौसष्ट लहान प्रक्रियकांना एकत्र कामाला लावणे, हे त्याचे सूत्र होते. डॉ. राममनोहर लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला, तेव्हा त्याची प्रगतिविरोधी म्हणून थट्टा झाली. लहान यंत्र एकाकी असेल तर ते दुर्बळच असते, यात शंका नाही. पण जोडलेले लहान यंत्र दुर्बळ राहत नाही, याचा पुरावा पुण्यात उभा राहिला. रेल्वेचे उदाहरण याहून परिचयाचे आहे. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद येथील आरक्षण-यंत्रणा परस्परांशी जोडल्या गेल्या, म्हणूनच कोल्हापूरच्या खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाला हावड्याहून सुटणाऱ्या गाडीचे तिकीट मिळू लागले. हे काम सार्वजनिक क्षेत्राने केले.

येथवर सर्व ठीक आहे. प्रश्न सुरू होतो तो मालकीपाशी. समूहाचे तांत्रिक तत्त्व सांगते, की कोणतेही एक यंत्र अपरिहार्य असता कामा नये. पण बाजारातील व्यवहार नेमका उलट्या दिशेने चालला आहे: यंत्रे अनेक होत आहेत आणि त्यांचा धनी मात्र एक होत आहे. एकाच यंत्रावरील अवलंबन संपवण्यासाठी घेतलेले तंत्र एकाच कंपनीवरील अवलंबन वाढवत आहे.

ज्या सॉफ्टवेअरने जगभरच्या कंपन्यांनी आपले सर्व्हर एकत्रित केले, त्यांत व्हीएमवेअर हे नाव अग्रभागी होते. ही कंपनी ब्रॉडकॉमने विकत घ्यायचे ठरवले, तेव्हा २०२२ मध्ये जाहीर झालेल्या सौद्याची किंमत ६१ अब्ज डॉलर होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो पूर्ण झाला आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद करण्यात आली. यापुढे ठरावीक मुदतीची वर्गणी भरा, एवढाच पर्याय उरला. ज्यांनी दहा-दहा वर्षे खपून आपला सारा कारभार या एका पायावर आणला होता, ते एका निर्णयाने मालकाचे कूळ बनले. कुळाला जमीन सोडता येत नाही, म्हणून खंड वाढतो; हा नियम महाराष्ट्रातील शेतकऱ्याला नव्याने शिकवण्याची गरज नाही.

भारताने हा खेळ एकदा पाहिलेला आहे. आयबीएम ही कंपनी एके काळी या देशात जुनी, डागडुजी केलेली यंत्रे भाड्याने देऊन भरघोस उत्पन्न मिळवत होती. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार मालकीचा हिस्सा कमी करण्यास तिने नकार दिला आणि जनता सरकारच्या काळात, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७८ मध्ये ती भारतातून गेली. तिच्या यंत्रांच्या देखभालीची जबाबदारी सीएमसी या सरकारी कंपनीने घेतली. ज्यांच्याशिवाय देशाचे संगणक बंद पडतील असे सांगितले जात होते, त्यांच्याशिवाय ते चालू राहिले. कारण कौशल्य येथील अभियंत्यांकडे होते. पुढे याच सीएमसीतील नियंत्रक हिस्सा सरकारने २००१ मध्ये टाटा समूहाला विकला. देशाने कष्टाने कमावलेले स्वावलंबन निर्गुंतवणुकीच्या यादीत एक ओळ होऊन गेले.

एकत्रीकरणाचा दुसरा धोका तांत्रिक आहे आणि तोही लपवून ठेवण्यात अर्थ नाही. समूह यंत्राच्या मृत्यूपासून वाचवतो. सर्व यंत्रांना एकदम जडणाऱ्या दोषापासून वाचवत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने पाठवलेल्या एका सदोष सुधारणेमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. विमाने रखडली, रुग्णालये अडली. तेथे समूह नव्हते असे नाही. पण समूहातील प्रत्येक यंत्राने तेच विष एकाच वेळी घेतले होते. २१ नोव्हेंबर २०२० रोजी एचडीएफसी बँकेच्या मुख्य डेटा सेंटरमध्ये वीज गेली आणि सेवा विस्कळीत झाल्या. डिसेंबरच्या आरंभी रिझर्व्ह बँकेने तिला नवे डिजिटल उपक्रम आणि नवी क्रेडिट कार्डे देणे तात्पुरते थांबवण्यास सांगितले. देशातील अग्रगण्य खासगी बँकेची ही कथा असेल, तर मोठेपणा म्हणजे सुरक्षितता हा युक्तिवाद तपासून घ्यावा लागेल.

समूह म्हणजे संग्रहित प्रत नव्हे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. चुकून पुसलेली नोंद समूह तत्परतेने सर्व ठिकाणी पुसतो. खंडणीखोराने कुलूपबंद केलेली माहिती सर्व ठिकाणी कुलूपबंद होते. म्हणून जाळ्यापासून पूर्णपणे तोडलेली, वेगळ्या गावी ठेवलेली प्रत लागते आणि तिच्यावरून कारभार पुन्हा उभा करण्याची तालीम प्रत्यक्षात करून पाहावी लागते. कागदावरची आपत्ती-योजना आपत्तीच्या दिवशी कागदच राहते.

या पार्श्वभूमीवर लहान सहकारी बँकांनी काय करावे? देशात सुमारे दीड हजार नागरी सहकारी बँका आहेत आणि त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश एकट्या महाराष्ट्रात आहेत. चार-पाच शाखांच्या बँकेला दोन ठिकाणी सर्व्हर-समूह, चोवीस तास जागा असणारा तंत्रज्ञवर्ग आणि सुरक्षेची पहारेदारी परवडत नाही, हे सरळ अंकगणित आहे. पण जे एका बँकेला परवडत नाही ते पन्नास बँकांना मिळून परवडते, हेही अंकगणितच आहे. १९५० मध्ये प्रवरेच्या काठी उभा राहिलेला साखर कारखाना याच हिशेबावर उभा होता. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी ऊस उत्पादकांना असे सांगितले नाही, की खासगी गिरणीला ऊस घाला आणि भाव मुकाट्याने घ्या. ज्या यंत्राशिवाय आपल्या मालाला मोल नाही, ते यंत्र आपल्या सामाईक मालकीचे असले पाहिजे, असे त्यांनी सांगितले. आज सहकारी बँकेच्या बाबतीत ते यंत्र म्हणजे सर्व्हर-समूह आहे.

नागरी सहकारी बँकांची शिखर संस्था म्हणून राष्ट्रीय नागरी सहकारी वित्त व विकास महामंडळाचे उद्घाटन २ मार्च २०२४ रोजी दिल्लीत झाले. सभासद बँकांना सामाईक तंत्रज्ञान पुरवणे हा तिच्या उद्दिष्टांपैकी एक भाग आहे. प्राथमिक कृषी पतसंस्थांसाठीही २०२२ मध्ये ६३,००० संस्थांच्या संगणकीकरणाची, २,५१६ कोटी रुपयांची योजना केंद्राने मंजूर केली. दिशा स्वागतार्ह आहे. परंतु शिखर संस्था ही सभासदांचे हत्यार होणार, की एखाद्या बड्या विक्रेत्याकडून घाऊक खरेदी करून किरकोळ विकणारी अडत होणार, हे अद्याप ठरायचे आहे आणि ते सभासदांच्या जागरूकतेवरच ठरणार आहे. दिल्लीतील एका मालकाच्या जागी दिल्लीतीलच दुसरा मालक आला, तर त्याला सहकार म्हणता येणार नाही.

म्हणून काही गोष्टींचा आग्रह आताच धरला पाहिजे. समूह एकाच ठिकाणी न ठेवता विभागवार असावेत. नागपूरचा भार पुण्याने आणि पुण्याचा नागपूरने पेलावा. एकाला लागलेली आग दुसऱ्यापर्यंत जाऊ नये, अशी त्यांच्यात भिंतही असावी. जेथे शक्य आहे तेथे मुक्त सॉफ्टवेअर वापरावे. ते फुकट मिळते म्हणून नव्हे, कारण त्याच्या देखभालीला पैसा लागतोच, तर त्याची चावी कोणा एकाच्या खिशात नसते म्हणून. विक्रेत्याशी होणाऱ्या प्रत्येक करारात माहिती सर्वमान्य स्वरूपात परत घेऊन बाहेर पडण्याचा हक्क लिहिलेला असावा. ज्या करारातून बाहेर पडता येत नाही, तो करार नसून वेठ आहे.

यात कर्मचाऱ्यांचे स्थान काय, हा प्रश्न शेवटी विचारण्याचा नाही. साठच्या दशकात आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी कलकत्त्यात संगणकाविरुद्ध झगडा दिला. स्वयंचलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या प्रा. वि. म. दांडेकर समितीने १९७२ मध्ये अहवाल दिला. ८ सप्टेंबर १९८३ रोजी बँक व्यवस्थापने आणि संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाबाबत करार झाला. १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला. या सर्व वाटचालीचा धडा असा, की यंत्र अडवता येत नाही, पण यंत्र कोणत्या अटींवर येईल हे संघटित श्रमिक ठरवू शकतात. आज बँकेच्या संगणक-विभागातील काम कंत्राटदाराकडे जाते, त्या कंत्राटदाराचे पोटकंत्राटदाराकडे जाते, आणि रात्री तीन वाजता बंद पडलेले यंत्र उठवणारा तरुण ना बँकेचा कर्मचारी असतो ना त्या कंपनीचा. जो माणूस उद्या कामावर असेलच याची शाश्वती नाही, त्याच्या हाती लाखो ठेवीदारांची खतावणी देणे हे शोषण तर आहेच, शिवाय अव्वल दर्जाचा अविचारही आहे. समूहातील प्रत्येक यंत्राला पर्यायी यंत्र ठेवायचे आणि ते जाणणारा माणूस मात्र एकच व कंत्राटी ठेवायचा, याला मजबुतीकरण म्हणत नाहीत. शाखांतील कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन सहकारी समूहाचे कायम तंत्रज्ञ बनवणे, हा या योजनेचा अविभाज्य भाग असला पाहिजे.

एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यावा लागेल. सहकारी संस्थांचा कारभार स्वच्छ नाही, त्यांच्या हाती एवढी यंत्रणा कशी द्यावी, असे विचारले जाते. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि बुडीत कर्जे लपवण्यासाठी हजारो बनावट खाती दाखवल्याचे उघड झाले, तेव्हा या आक्षेपाला धार आली. त्याचे उत्तर टाळता येणार नाही. सर्व्हर-समूह खोटी नोंदही तितक्याच इमानाने सांभाळतो. प्रामाणिकपणा यंत्रातून येत नाही, तो सभासदांच्या देखरेखीतून येतो. परंतु लबाडीवरचा उपाय म्हणून मालकीच काढून घ्यायची असेल, तर मग खासगी कंपन्यांच्या लबाडीवर कोणता उपाय करायचा? घर अस्वच्छ आहे म्हणून घर सावकाराला लिहून देण्यापेक्षा झाडू हाती घेणे शहाणपणाचे.

सप्टेंबरअखेरपर्यंत सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतात. लाभांश, चहा आणि आभारप्रदर्शन यांपलीकडे त्या सभांना अर्थ द्यायचा असेल, तर त्या संस्थांचे सभासद असलेल्या कार्यकर्त्यांनी यंदा काही साधे प्रश्न लेखी विचारावेत. आपल्या बँकेची खतावणी कोणत्या यंत्रावर, कोणाच्या मालकीच्या जागेत आहे? ते यंत्र बंद पडले तर काम कोण उचलणार आणि किती वेळात? जाळ्याबाहेरची प्रत कोठे आहे, आणि तिच्यावरून कारभार उभा करण्याची शेवटची तालीम कोणत्या तारखेला झाली? विक्रेत्याने उद्या दर दुप्पट केले तर आपली माहिती घेऊन बाहेर पडण्याची वाट करारात आहे काय? या प्रश्नांची उत्तरे अध्यक्षांना देता आली नाहीत, तर ती नाहीत एवढे तरी इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. शेजारच्या दहा बँकांच्या सभांत तेच प्रश्न विचारले गेले, तर सामाईक समूहाची मागणी संचालकांनाच करावी लागेल.